सर्दी जाऊन महिना झाला, नाक मोकळे आहे, तरी वास येत नाही. काय करावे?

वास हुंगण्याचा सराव आजच सुरू करा आणि निदान 12 आठवडे तो सोडू नका. विषाणूमुळे नाकाच्या छतातील गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशी आणि कधी कधी खुद्द गंधपेशीही मरतात. त्या पुन्हा तयार होतात, पण सावकाश. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी 2009 साली गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांवर ही पद्धत तपासली. झाकणाच्या चार लहान बाटल्यांत कापसावर यांतल्या एकेका वासाच्या सुगंधी तेलाचे 3-4 थेंब टाका. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली 20 सेकंद हळूहळू हुंगा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. हुंगताना तो वास मनात आठवायचा. नुसते यंत्रवत हुंगून भागत नाही. तेल उडून जाते, म्हणून वरचेवर बदला. बाम नाकात झोंबतो म्हणजे वास परतला असे मात्र समजू नका, ते झोंबणे वेगळ्या मज्जातंतूचे असते. मध्येच कॉफी किंवा परतलेला कांदा जळका, घाण वाटू लागला तर घाबरू नका. गंधपेशींचे तंतू मेंदूशी पुन्हा जुळताना असे बऱ्याचदा होते.

डोक्याला मार लागल्यावर वास गेला असेल, एकाच नाकपुडीचा गेला असेल किंवा सर्दीशिवाय हळूहळू कमी झाला असेल, तर सरावावर विसंबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि तोवर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवाच, कारण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला तो उग्र दर्प तुम्हाला कळणार नाही.