वर्गणी संपली, गाणी गेली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : दोन वर्षं एका म्युझिक अ‍ॅपची वर्गणी भरली. मोबाइलमध्ये सहाशे गाणी डाउनलोड केली होती. वर्गणी थांबवली आणि एकही वाजेना. पैसे भरून उतरवलेली गाणी माझी नव्हेत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नव्हेत. आणि हे डाउनलोडच्या बटणाशेजारीच ठळक लिहिलेलं असायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोनवर उतरतं ते कुलूपबंद गाणं. किल्ली अ‍ॅपकडे असते आणि तिला मुदत असते. स्पॉटिफायवर वर्गणी चालू असली तरी ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही. ती फाइल शोधून दुसरीकडे टाकली तरी उपयोग नाही. शिवाय अ‍ॅपच बंद पडू शकतं : रेसो ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद झालं.

नवं ऐकून बघायला वर्गणी उत्तम. पण जे गाणं दहा वर्षांनीही लागणार आहे, त्याची फाइल स्वतःकडे हवी. घेताना एकच बघा : ती अ‍ॅपच्या बाहेर, कुठल्याही प्लेअरवर वाजते का? अ‍ॅपलच्या आयट्यून्स स्टोअरने विकत दिलेल्या गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्येच काढलं. बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवर एमपी३ किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता लहान केलेली फाइल), हवी ती मिळते. घेतलेलं त्याच दिवशी उतरवून ठेवा. नुसतं खात्यात राहिलेलं गाणं पुन्हा दुकानाच्याच भरवशावर असतं.

प्रश्न : सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत दरवर्षी घेतलेल्या साठेक सीडी घरात आहेत. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. कशा उतरवाव्यात? एमपी३ चालेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर घ्या. विंडोजवर ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. प्रत्येक तुकडा ती किमान दोनदा वाचून ताडून बघते. वेळ लागतो, लागू द्या. ‘टेस्ट अँड कॉपी’ केलंत की ट्रॅकसमोर सीआरसीचे, म्हणजे प्रत पडताळायचे, दोन आकडे येतात. ते जुळले म्हणजे प्रत चोख. जुळले नाहीत तर सीडी पुसून पुन्हा लावा.

पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवा, गोल कधीच नाही. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा थोडीच माहिती खातो आणि ती ड्राइव्ह सावरून घेतो. ट्रॅकच्या दिशेने, म्हणजे गोल गेलेला ओरखडा सलग माहिती खातो, तिथे ड्राइव्ह हरतो. छापील बाजू तर जास्त जपा. चकाकणारा थर तिच्याच लगेच खाली असतो, तो खरवडला की इलाज नाही.

एमपी३ नको, फ्लॅक करा. बडा ख्याल दोन ट्रॅकमध्ये तोडलेला असला की एमपी३ प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटवतो. अनेक प्लेअरवर नेमका तिथे तानपुरा तुटतो, आणि कान तिथेच अडकतो. फ्लॅकमध्ये सांधा कळत नाही. तासाभराची सीडी मूळ रूपात सुमारे ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी. साठ सीडी २० जीबीच्या आसपास बसतात.

राग, ताल, साथीदार यांची नावं सीडीच्या कागदावरून टाइप करा आणि कागदही स्कॅन करा. नाहीतर उरतात ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. मूळ सीडी टाकू नका. स्वतःपुरती प्रत काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाटायला नाही.

प्रश्न : फ्लॅक गाण्यांचा पेन ड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला लावला. काही वाजतच नाहीत, काहींच्या नावाच्या जागी चौकोन दिसतात.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : बऱ्याच स्टिरिओंना फ्लॅक कळत नाही आणि देवनागरीचा फाँट त्यांच्यात नसतो. गाडीसाठी वेगळी प्रत काढा : ३२० केबीपीएस एमपी३, नावं रोमन लिपीत, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर १ नंतर थेट १० लागतं. घरच्या फ्लॅक फाइलींना मात्र हात लावू नका.