वाचक विचारतात : फणसवाडीत फणस कुठंय?

प्रश्न : माझी सासुरवाडी गिरगावातली. फणसवाडीत फणस नाही, कांदेवाडीत कांदे नाहीत, मग ही नावं आली कुठून? (एक वाचक, डोंबिवली)

अहो, आता नाहीत, आधी होते! वाडी म्हणजे मुळात बागच. मुंबई जेव्हा किल्ल्याच्या आत होती तेव्हा हा सगळा भाग किल्ल्याबाहेरचा, नारळी-आंब्याच्या वाड्यांचा, म्हणून आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी. पुढे शहर वाढलं, कोकणातून-देशावरून माणसं नोकरीला यायला लागली, त्यांना राहायला जागा हवी होती आणि मालकांना फणसापेक्षा भाडं बरं वाटलं, मग चाळी उठल्या. झाडं गेली, पाटी राहिली. खोताची वाडी मात्र झाडावरून नाही, दादोबा वामन खोत यांच्यावरून. तिथली ईस्ट इंडियन लोकांची (म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची) लाकडी सज्जांची घरं अजून थोडी शिल्लक आहेत, जावईबापू, एकदा बघून याच.

चर्नी रोडचंही असंच. १८३८ च्या सुमारास सरकारने गुरं चारण्यावर फी लावली होती तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी ठाकुरद्वारजवळ २०,००० रुपयांना गवताची जमीन घेऊन गुरांना फुकट मोकळी करून दिली, त्या चरणीवरून चर्नी, असं सांगतात. काहीजण ठाण्याच्या चेंदणीशी नातं जोडतात, पण मला आपली गुरांचीच गोष्ट आवडते.

प्रश्न : चाळीच्या आठवणी सगळे एवढ्या गोड का सांगतात? दोन खोल्यांत आठ माणसं आणि कॉमन संडासाची लाइन, यात गोड काय? (एक वाचक, नाशिक)

गोड काही नाही, आणि नीट ऐकलंत तर कळेल की गोड आठवणी बहुतेक पुरुष सांगतात. पहाटे नळाला पाणी यायचं ते तासाभरात जायचं, तेवढ्यात पिंप, हंडे, कळशा सगळं भरायचं, हे ज्या बायकांनी केलं त्यांना विचारा की चाळ कशी होती.

पण एक खरं, खोली एवढीशी असल्यामुळे सगळं आयुष्य गॅलरीत आलं. अभ्यास गॅलरीत, उन्हाळ्यात झोपणं गॅलरीत, पापड वाळत घालणं तिथंच आणि कोणाकडे कोण पाहुणा आला हे त्या घराच्या आधी समोरच्या विंगला माहीत. सार्वजनिक गणपती इथे एवढा लवकर रुजला त्याचं कारणही मला तरी हेच वाटतं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, आणि चाळीच्या चौकात वेगळा मंडप, वेगळं स्टेज लागतंच कुठे, तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्या म्हणजे बाल्कनीची फुकट तिकिटं! पैसे देऊन नाटक बघायचं तर केळेवाडीत साहित्य संघ होताच, जेवून चालत जायचं, तिसरी घंटा होईपर्यंत पोचायचं.

प्रश्न : वडिलांची पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली) खोली आहे, भाडं नावापुरतंच, पण इमारतीला टेकू लावलेत. मालक काही करत का नाही? (एक वाचक, बोरिवली)

कारण भाडं नावापुरतं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला होतं तेवढ्यावरच थांबवलं. युद्धानंतरच्या महागाईत ते बरोबरच होतं हो, नाहीतर कारकुनी पगारात गिरगावात कोण टिकलं असतं, पण मग ते अनेक दशकं तसंच राहिलं आणि त्या पैशात मालक जिन्याची एक पायरीही बदलू शकत नव्हता (काहींनी तर वाटच बघितली, पडू दे म्हणून). ज्या कायद्याने लोकांना ठेवलं त्यानेच इमारती कुजवल्या असं माझं मत, भाडेकरूंना आवडणार नाही. नवा कायदा २००० साली लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे, पण चार टक्के कशाचे ते बघा ना.

१९६९ च्या आधीची सेस बिल्डिंग (म्हणजे जिच्यासाठी दुरुस्तीचा उपकर भरला जातो ती) असेल तर दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येते, तिथे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. आणि जुन्या भाडेपावत्या, लाइट बिलं एका फाइलला लावून ठेवा, वडिलांच्या नावापासून तुमच्या नावापर्यंत सलग, रीडेव्हलपमेंटची पहिली मीटिंग झाली की पात्रता ठरवायला तीच मागतात.