वाचकांचे प्रश्न : मेळघाट सोडून इथिओपिया का?

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाई सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्या इथिओपियातील अदिस अबाबा येथील हॅमलिन फिस्टुला रुग्णालयासाठी बँकेतून पैसे पाठवतात. ‘मेळघाटातली गरज संपली वाटतं?’ असे घरात सारे त्यांना ऐकवतात. मीही ऐकवले आहे. त्या नुसत्या हसतात. कधी न पाहिलेल्या, इतक्या लांबच्या माणसांसाठी कुणी का देत असेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे. अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर शस्त्रक्रिया मिळाली नाही आणि कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू राहिल्या, तर बाळाच्या डोक्याच्या दाबाखाली मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतो, तेथे भोक पडते आणि लघवी रात्रंदिवस झिरपत राहते; यालाच फिस्टुला म्हणतात. मूल बहुधा दगावलेले असते. वासामुळे अनेकदा नवराही बाईला दूर करतो. रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये तीन वर्षांच्या करारावर ऑस्ट्रेलियातून इथिओपियात गेले आणि तेथलेच झाले; १९७४ मध्ये त्यांनी खास याच दुखण्यासाठी मोफत उपचारांचे रुग्णालय उभारले. मामितू गाशे ही त्यांचीच एक रुग्ण. शाळेचे तोंडही न पाहिलेली ही बाई डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून शिकत गेली आणि पुढे स्वतः ही शस्त्रक्रिया करू लागली. ज्या परिचारिकेने उशिरा आणलेल्या बाळंतिणी वर्षानुवर्षे हाताळल्या, तिला हे दुखणे परदेशातले वाटतच नसणार.

आता हीच गोष्ट घेणाऱ्याच्या बाजूने पाहा, कारण त्या बाजूला आपणही होतो. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळराव जोशी यांचे पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापून आले, तेव्हा संपादकांनी त्यांना ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. तेच पत्र न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहत असताना वाचले आणि त्यांनी सरळ मैत्रीचा हात पुढे केला. शिकू पाहणाऱ्या गरजू मुली न्यू जर्सीतही असणारच. तरीही १८८३ मध्ये आनंदीबाई उतरल्या त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी, त्यांना मावशी म्हणू लागल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षी पुण्यात वारल्यावर त्यांच्या अस्थी या मावशीकडेच गेल्या. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन हे विधवांसाठीचे विद्यालय १८८९ मध्ये उघडले, तेही बोस्टनच्या मंडळाने जमवलेल्या पैशावर, आणि त्यात वर्षाला एकेक डॉलर देणारी साधी माणसे होती.

आपला आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. जवळच्या संस्थेत आपण एखाद्या सकाळी जाऊन उभे राहू शकतो, हिशेब मागू शकतो; लांबच्या संस्थेच्या बाबतीत तिच्या अहवालावर विसंबावे लागते. शिवाय देणगीवरील प्राप्तिकराची सवलत येथे मान्यता असलेल्या संस्थांपुरतीच असते, म्हणजे परदेशी संस्थेला थेट पैसे पाठवताना जाऊबाई त्या सवलतीवर पाणी सोडत आहेत, आणि बँक आपले शुल्क कापते ते वेगळेच. हे सारे त्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. मात्र मेळघाटची आठवण काढणाऱ्यांपैकी किती जणांच्या कपाटात मेळघाटची पावती आहे, हेही घरात एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

येत्या दिवाळीत त्यांना देणगीचे कारण विचारू नका. त्यांच्या वॉर्डात रात्री-अपरात्री जीपमधून उतरवलेल्या बाळंतिणींविषयी विचारा, आणि त्या सांगतील ते मध्ये न बोलता ऐका.