कथालेखनासाठी मार्गदर्शक शोधताय? आधी हे वाचा

आपल्या समाजातून लिहिणारे मोजकेच, त्यामुळे तुम्ही लिहायला लागलात याचा फार आनंद झाला. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. एक कथा शेवटपर्यंत लिहा, मगच दाखवा. अर्धवट कथेला समोरचा स्वतःच्या मनातला शेवट सुचवतो.
२. ‘कशी वाटली?’ विचारलं की ‘छान’ एवढंच ऐकायला मिळतं. ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरची बोली पुसून टाकणं. मीही तेच केलं आणि २ वर्षं माझीच पात्रं मला परकी वाटत राहिली. बोलीतल्या अनोळखी शब्दाचा अर्थ वाचक संदर्भाने लावून घेतो. ‘दुःख आणखी गडद करा’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाला स्पष्ट नकार द्या. घरातली थट्टामस्करी, रुसवेफुगवेही तुमचेच आहेत.

प्रकाशकाचा विचार आत्ता नकोच. पहिला खर्डा झाला की पाठवा, मी वाचेन.