पाच किलोमीटरवर बंद पडणारी सीडी हंड्रेड

प्रश्न : वडिलांची १९९३ची हिरो होंडा सीडी १०० आमच्याकडे आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात ती अंगणात बुडाली आणि नंतर तशीच पडवीत उभी राहिली. यंदा दिवाळीनंतर चालू करून घेतली. चार-पाच किलोमीटर गेलं की गचके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की एका किकमध्ये चालू! प्लग दोनदा बदलला, कार्बोरेटर तीनदा साफ केला. मेकॅनिक आता नवा कार्बोरेटर टाका म्हणतोय. मे महिन्यात ती कुंभार्ली घाटातून कराडला बहिणीकडे न्यायची आहे. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. दहा मिनिटांनी एका किकमध्ये उठते म्हणजे मधल्या वेळात काहीतरी आपोआप सुटतंय. ते काय, हे गाडी बंद पडते त्याच मिनिटाला सापडेल. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती बरी झालेली असते, म्हणून मेकॅनिकच्या हाताला काही लागत नाही.

माझा पहिला संशय टाकीच्या झाकणावर आहे. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा टाकीत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल उतरेनासं होतं आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी पडते. थांबलात की हवा हळूहळू आत झिरपते, वाटी भरते, गाडी उठते. २००५च्या पुरानंतर माझ्याकडे सांगलीतली अशीच एक गाडी आली होती. झाकण खोलून पंपाने भोकात हवा मारली तर तांदळाच्या दाण्याएवढा वाळलेला गाळ फडक्यावर पडला. त्याआधी त्या माणसाने दोन कार्बोरेटर बदलले होते.

गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. ‘फूस’ असा आवाज आला आणि गाडी तिथल्या तिथे उठली, तर दोष झाकणाचाच. भोक साफ होत नसेल तर नवं झाकण घ्या. कुणी झाकण सैल ठेवायला किंवा त्याला भोक पाडायला सांगेल, ऐकू नका. घाटाच्या चढावर पेट्रोल हिंदकळून तापलेल्या इंजिनावर सांडेल.

आवाज आला नाही तर वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून पेट्रोल बाटलीत घ्या. हे इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर, जवळ विडी-काडी नसताना. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, चालू ठेवल्यावर धार एकसारखी पडली पाहिजे. थेंब-थेंब आली किंवा बाटलीच्या तळाशी तांबूस भुकटी आणि पाण्याचा थर दिसला, तर टाकी आतून गंजली आहे. तसं असेल तर कार्बोरेटर तीस वेळा साफ केलात तरी तो पुन्हा भरणार. टाकी उतरवून पांढरं व्हिनेगर भरून दिवसभर ठेवा, जुन्या चेनचा तुकडा आत टाकून हलवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. कॉकची जाळीही बदला. रिकाम्या टाकीला वेल्डिंग मात्र कधी लावू देऊ नका, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

पेट्रोल नीट येत असेल तर बंद पडल्या पडल्या ठिणगी बघा. प्लग काढून, टाकी आणि कार्बोरेटरपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून किक मारा. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून वाळू द्या. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, असं दिसलं तर दोष पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) किंवा एचटी कॉइलचा (ठिणगीची वीज तयार करणारी). त्याआधी वायरिंगचे जोड उघडून पिना बघा. पुराच्या गाड्यांत त्या हिरव्या पडलेल्या असतात. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा.

एक गोष्ट पत्रात नाही, तिची मला जास्त काळजी वाटते. इंजिन ऑइल बदललं का? दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी गेलंय, किक मारणं आजच थांबवा. ऑइल बदला, थोडं चालवा, पुन्हा बदला.

आणि ब्रेक. दोन्ही चाकं उतरवून ड्रम उघडाच. पाण्यात राहिलेल्या ब्रेक शूचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, वरून चांगलं दिसतं, पण खालचा पत्रा गंजलेला असतो. एकदा माझ्या अंगठ्याच्या दाबाने आख्खं लायनर सुटून हातात आलं होतं. ते घाट उतरताना सुटलं असतं तर? शू नवे घाला, केबल नव्या घाला. ड्रममधली धूळ पंपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते पुराच्या आधीचे निघाले तर टायरही बदला.

शेवटी कागद. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. तुमची मुदत २००८, २०१३, २०१८ अशी वाढवली असेल तरी २०२३ला ती संपली. आरटीओत गाडी दाखवून आरसी, सोबत विमा आणि पीयूसी करून घ्या, तोवर रस्त्यावर चाचणी नको. त्यानंतर आधी सपाटीला वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, बंद न पडता परतलात तरच कुंभार्ली. झाकणाचा ‘फूस’ आला की नाही, एवढं मला नक्की कळवा.