बाजारातल्या मोऱ्या एवढ्याशा का?

प्रश्न : ताई, माझं माहेर मालवणचं. लहानपणी बंदरावर माणसाएवढ्या मोऱ्या, म्हणजे शार्क मासे, पाहिल्यात. आता बाजारात हात-दीड हात लांबीच्याच दिसतात. मोठ्या गेल्या कुठे? सून बाळंत झाली आहे. दूध यावं म्हणून तिला ही लहान मोरी द्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सुनेचं. तिला मोरी देऊ नका. मोरी बाकीच्या माशांवर जगते, त्यामुळे त्यांच्यातला पारा तिच्या अंगात साठत जातो आणि आईच्या दुधातून तो बाळापर्यंत पोचू शकतो. मांदेली द्या, पेडवे द्या.

आता मोऱ्यांचं. सगळ्या लहान मोऱ्या पिल्लं नसतात. चपट्या, फावड्यासारख्या नाकाची मुशी नावाची मोरी हातभर झाली की वयात येते. पण त्याच टोपलीत तेवढ्याच लांबीची कानमुशी, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याची मोरी, असेल, तर ती नुकती जन्मलेली असते. तिला उताणी करून पाहा. छातीच्या दोन परांच्या मधोमध बारीक चीर दिसेल. ती नाळेची खूण. कानमुशी अंडी घालत नाही, नऊ-दहा महिने पोटात वाढवून पिल्लं देते. ती चीर काही आठवड्यांत बुजते; म्हणजे ताजी दिसली, तर त्या जिवाला जन्मून महिनाही झालेला नसतो. मत्स्यशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना बंदरावर नेऊन मी हेच आधी दाखवायचे. मुलं गप्प व्हायची.

बांगडा वर्ष-दोन वर्षांत वयात येतो आणि हजारोंनी अंडी घालतो. कानमुशीची मादी वयात यायला कितीतरी वर्षं घेते. तिची पिल्लं मोठ्या माशांपासून वाचायला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, आणि कोळंबीसाठी ट्रॉलर नेमके तिथेच जाळं ओढतात. पिल्लंच उरली नाहीत, तर मोठी मोरी येणार कुठून? पाकट म्हणजे मोरीचे चपटे भाऊबंद, त्यांचंही तेच, आणि करवत मासा तर आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ दिसेनासाच झाला. खुल्या समुद्रातल्या मोऱ्या-पाकटांची संख्या 1970 पासून 71 टक्क्यांनी घटल्याचं 2021च्या एका जागतिक अभ्यासात दिसलं.

भारताने 2015 साली मोरीच्या परांची निर्यात बंद केली. चांगलंच झालं, पण ही पिल्लं परांसाठी मरत नाहीत, ती कोळंबीच्या जाळ्यात आयती येतात आणि गावातच खपतात. संरक्षित जीव सोडायला जाळं कापावं लागलं तर 2018 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तीही योजना मला मोलाची वाटते. मात्र कानमुशी जाळ्यात फार वेळ तग धरत नाही. वर येईपर्यंत बहुधा मेलेलीच असते. म्हणून माझं ठाम मत आहे, पिल्लं जिथे वाढतात त्या उथळ पाण्यात पिल्लं जन्मण्याच्या दिवसांत ट्रॉलर जाताच कामा नयेत. ते दिवस आणि त्या जागा किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना ठाऊक असतात. नियम करताना त्यांना आधी विचारावं.

तुम्ही एवढं करा : विकणारीला सांगा, कानमुशी नको. गिऱ्हाईक मागत नाही म्हटल्यावर ती लिलावात भाव चढवणार नाही.