साडूंचे दहा लाख आधी परत करा

उदगीरजवळच्या गावचे एक वाचक, वय 36, वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. पत्नी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. मुलगी पहिलीत. दोघांचा पगार मिळून 86 हजार, त्यातले तीसेक हजार मागे पडतात. कॅनडाच्या पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची तयारी चालू आहे. प्रश्न एवढाच: गावाकडची दोन एकर कोरडवाहू विकून जावं, की बटईनं लावावी?

जमिनीकडे येतो. पण पत्राच्या शेवटी, सहज लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "फंड दाखवायची सोय झालीय. माझे पाच लाख आणि साडूंचे दहा लाख सहा महिने खात्यात राहतील, व्हिसा लागला की त्यांचे त्यांना."

साडूंचे पैसे याच आठवड्यात परत करा, आरटीजीएसने.

तुम्ही ज्या फेडरल स्किल्ड वर्कर मार्गाने अर्ज करताय, त्यात तिघांच्या कुटुंबाला 23,360 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा 2025 च्या जुलैत सुधारलेला. डॉलर बासष्ट-त्रेसष्ट रुपये धरला तर साडेचौदा लाख. उसने पैसे यात चालत नाहीत, हे त्यांच्या नियमातच आहे. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, सहा महिन्यांची सरासरी किती, डोक्यावर कर्ज किती, सगळं द्यावं लागतं. पाच लाखांच्या खात्यात एका दुपारी दहा लाख उतरले तर तिथला अधिकारी विचारणारच. त्यावर एजंटाने तोडगा दिलाय म्हणे, साडूंकडून बक्षीसपत्र करून घ्या. परत द्यायच्या बोलीवर घेतलेले पैसे बक्षीस म्हणून लिहिले की अर्जात खोटी माहिती दिली असं होतं, आणि त्याला पाच वर्षं बंदी आहे. एजंटाचं काय जातंय? त्याची फी आधीच जमा झाली.

पण समजा, कुणी विचारलंच नाही. मला खरी काळजी तिथून पुढची आहे. सरकारी फी तिघांची दोन लाखांच्या वर. तिकिटं अडीच लाख. म्हणजे तुमचे स्वतःचे पाच लाख इथेच संपले. साडूंचे साडूंना गेले. दरमहाची शिल्लक धरली तरी टोरांटोला उतरताना खिशात दोन-अडीच लाख. टोरांटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे, तिथे घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी घेतो. महिन्याला दोन हजार डॉलरचं घर धरलं तर चार हजार डॉलर, म्हणजे अडीच लाख. किल्ली हातात, पाकीट रिकामं, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि जानेवारीची थंडी. खात्यात दाखवायची ती रक्कम तुम्ही सहा महिने जेवावं म्हणून मागतात. भाडं, किराणा, बस, फोन मिळून तिघांना काटकसरीने महिन्याला साडेतीन हजार डॉलर लागतील. 23,360 ला त्याने भागून बघा.

"महिनाभरात नोकरी लागेल" असं तुम्ही लिहिलंय. कशावरून? वाळूजचा अनुभव तिथे पहिल्या दिवशी कुणी ओळखत नाही. सहा महिने धरा, आधी लागली तर आनंदच आहे.

आणि पत्नीबद्दल सगळ्या पत्रात एकच ओळ: "ती वर्षभर मुलीला सांभाळेल." मी इमिग्रेशनचा सल्लागार नाही, पण 2023 पासून कॅनडा आरोग्यसेवेतल्या लोकांना वेगळ्या फेरीने बोलावतंय, एवढं मलाही माहीत आहे. मुख्य अर्जदार कोण असावं, हे दोघांचे गुण मांडून बघितलंत का? अर्ज कुणाचाही असो, तिकडे नर्स म्हणून काम करायला प्रांताचा परवाना लागतो. कागदांची छाननी महिनोन्महिने चालते, मग परीक्षा. शिकलेल्या कॉलेजातून कागद थेट तिकडे जावे लागतात. कॉलेजात स्वतः जाऊन क्लार्कसमोर उभं राहणं इथूनच जमतं. तिकडून फोन करत बसाल तर फोन कुणी उचलणार नाही. हे काम आजच सुरू करा. घरातली भक्कम पात्रता बहुधा तिचीच आहे.

आता पत्रातली ती विमा पॉलिसी. वर्षाला 1 लाख 20 हजार, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 27 लाख मिळणार. "जवळपास दुप्पट" असं बँकेतल्या मुलाने सांगितलं. हिशेब केला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आत. पीपीएफ सात टक्क्यांच्या वर देतो आणि त्यासाठी कुणी टाय लावून घरी येत नाही. तीन हप्ते गेलेत. चौथा भरू नका. सरेंडर केली तर किती आणि पेडअप (पुढचे हप्ते न भरता तशीच) ठेवली तर किती, दोन्ही आकडे लेखी घ्या. सरेंडरचे सव्वा लाखाच्या आसपास येतील, मला तेच बरं वाटतं. त्याऐवजी जायच्या आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या आणि फॉर्मवर परदेशी जाणार हे स्पष्ट लिहा.

एकूण गरज बघू. दाखवायचे साडेचौदा, फी दोन, तिकिटं अडीच, परीक्षा आणि कागदपत्रं एक: वीस लाख. हातात पाच, पॉलिसीचे सव्वा, आठ महिन्यांची बचत दोन-अडीच. साडेआठ झाले. पीएफचे सहा यात धरू नका, ते पूर्ण नोकरी सोडल्यावरच मिळतात आणि पैसे दाखवायचे त्याच्या आधी आहेत. ते तिथल्या सातव्या-आठव्या महिन्यासाठी राहू द्या.

कमी पडतात साडेअकरा. तुमच्याकडे एकराला बारा लाख भाव सांगताय, तेव्हा एक एकर विका. चाळीस गुंठे आहेत, तुकडेबंदी आड येत नाही. नगरपालिकेच्या हद्दीपासून बारा किलोमीटरवरच्या शेतजमिनीला भांडवली नफ्याचा करही नाही. मात्र पूर्ण बारा लाख खरेदीखतात लिहा आणि बँकेतूनच घ्या. "रेडीरेकनरने पाच कागदावर, बाकी रोख" म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर चहा पाजून वाटेला लावा. पिशवीतले सात लाख कॅनडाला दाखवता येत नाहीत. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असलं तरी जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणीशी आधी बोला. पैसे बाहेर पाठवताना दोघांच्या खात्यांतून निम्मे निम्मे पाठवा, कारण माणशी वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापतात.

दुसरा एकर ठेवा. एनआरआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, आधीची ठेवता येते. फक्त तोंडी बटईनं परक्याला लावू नका. आपल्याकडे कुळाचे दावे अजून कोर्टात पडून आहेत. वडील गावातच आहेत म्हणता, तर त्यांनी कसावी आणि दर हंगामाला ई-पीक पाहणी तुमच्या नावाने नोंदवावी.